घाईनं आलेली गोळी

लेकीच्या, उर्वशीच्या उरलेल्या गोळ्या परत आणा, असं डॉक्टर सुरभी पंचफुलाला म्हणाल्या. गोळ्या घरी होत्याच कुठं पुरत्या? निम्म्या तिनं राळेगावला बहिणीच्या मुलाला, राजदीपला देऊन टाकल्या होत्या. त्यालाही लेकीसारखाच सिकलसेल, रक्ताचा आजार. दारात विरजण मागायला आलेल्याला वस्तीत कोणी नाही म्हणत नाही, तशाच दिल्या. डॉक्टरला विचारावं, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

"काहून परत, मॅडम? पोरगी तं आता सायकलनं शाळेत जाते!"

"मावशी, रक्त सुधारतं एवढं पाहूनच या औषधाला लवकर मंजुरी मिळाली होती. जीव वाचतो का, याची तपासणी मागून चालूच होती. तिचा निकाल आलाय. गोळी घेणाऱ्यांतच जास्त माणसं दगावली. कंपनीनं औषध मागे घेतलं."

"मंग घाई कायले केली?"

"थांबले असते तर उर्वशीला इतके दिवस बरं वाटलंच नसतं."

"म्हणजे चांगलं केलं का वाईट?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मलाही सांगता येत नाही, मावशी."

पंचफुला तशीच राळेगावच्या एसटीत बसली. धाकटी बहीण रंजिता अंगणात तूर पाखडत होती. सगळं ऐकलं, पण हातातलं सूप काही थांबलं नाही.

"देल्लं परत मांगाले आली व्हय, बाई? तुह्या पोरीले पुरत नसन!"

"तसं नाई वं! माणसं मेली म्हणते डॉक्टरीण."

"कुठची माणसं? म्या तं नाई पाह्यली. माह्यं पोरगं हाडं धरून बोंबलायचं, थे पाह्यलं. आता कापसाच्या जिनिंगवर कामाले जाते. जाय, पाहून ये."

"मोठी हावो मी तुह्यी. आण गोळ्या."

"मोठी हायेस म्हणून तं तुह्या हातच्या बिनघोर खाऊ घातल्या त्याले!"

पंचफुला रिकाम्या हातानं परतली. उर्वशीच्या गोळ्या तेवढ्या तिनं दवाखान्यात दिल्या. पंधरवड्यात पोरीचे गुडघे पुन्हा ठणकायला लागले. शेक देता देता रंजिताचा फोन आला.

"कशी हाय उर्वशी?"

"झोपूनच हाय."

"पाह्य! माह्यं पोरगं कामावर हाय. आयकलं असतं तुह्यं, तं?"

त्याला धोका आहे म्हणावं, तर स्वतःच्याच भाच्याचं अभद्र बोलल्यासारखं. धोका नाही म्हणावं, तर समोर उर्वशी कण्हत पडलेली; मग तिची गोळी बंद केली कशाला? दवाखान्यात या आजाराला नेहमी सांगतात तेवढंच पंचफुलाच्या तोंडून निघालं, "त्याले पाणी जास्त प्याले सांग वं."