मानलेला अंगठा

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात, तसे किस्सेही. चिंध्यांच्या निदान उश्या तरी होतात! तासगावातल्या माझ्या दुकानात लिमये मास्तर रोज संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांचे किस्से मात्र तसेच पडून आहेत.

मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. एका जुन्या इंग्रज तत्त्ववेत्त्यावर त्यांचा भारी जीव. "राज्य म्हणजे करार," ते सांगत. "जिवाची नि घरादाराची राखण व्हावी म्हणून लोकांनी सरकार नेमलं."

पलटणीतून परत आलेला ज्ञानू एकदा म्हणाला, "आवं मास्तर, त्या करारावर आमच्या आज्यानं अंगठा कवा लावला?"

"लावलाच नाही. तो मानलेला अंगठा!"

आम्ही सगळे हसलो. ज्ञानू हसला नाही. "मग राखण न्हाई केली, तर पुसता येतोय का?"

मास्तर म्हणाले, "येतो. तेच तर लिहिलंय त्यानं."

थोड्याच दिवसांत ज्ञानू आणि त्याचा धाकटा भाऊ इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत गेले.

*

त्या धामधुमीत फौजदार माझ्याकडे कोटाचं माप द्यायला आला. मास्तरांच्या हातात पुस्तक.

"कुणी लिहिलंय?"

"एका इंग्रजानं."

"राहतो कुठं?"

"वारला. दोनशे वर्षं उलटून गेली."

"सुटला बिचारा! नाहीतर आज उचललाच असता!"

*

ज्ञानूचा भाऊ पोलिसांच्या गोळीनं गेला. खबर गावातल्याच एकानं दिली होती. चळवळीतल्या लोकांनी त्याला देवळापुढं उभं केलं. पंचांत ज्ञानू होता. मी आणि मास्तरही गेलो होतो.

ज्ञानू उठला. "मास्तर सांगत्यात, ज्याचं दुखतंय त्यानं न्याय करू न्हाई. मी उठतो."

उरलेल्या पंचांनी त्या माणसाला जिवंत सोडलं, फक्त गावाबाहेर काढलं. ज्ञानू मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाला, "पर मला झोप लागत न्हाई, मास्तर. त्याला तुमचा सायब काय म्हणतोय?"



*

स्वातंत्र्य आलं. मास्तरांनी दुकानात पेढे वाटले. "आता करार आपला!"

आणि पहिल्याच थंडीत दिल्लीहून महात्माजींच्या खुनाची बातमी आली. मारणारा ब्राह्मण निघाला, म्हणून आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटली. मास्तरांचंही.

ज्ञानूनं मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला आपल्या घरी आणलं. जमाव मागोमाग आला. ज्ञानूची आई उंबऱ्यातच बसली.

"म्हातारे, बाजूला सर!"

"न्हाई सरनार."

"कुणाच्या हुकमानं?"

"हितलं सरकार मी हाय!"

माणसं परतली. आत मास्तर भिंतीकडं तोंड करून रडत होते.

*

पुढं नवा फौजदार जबाब घ्यायला आला. जळक्या घराच्या ओट्यावर मास्तर बसले होते, शेजारी मी.

"कुणाला ओळखलंत का?"

"सगळ्यांना. माझ्याच वर्गातून गेलेले."

"मग नावं सांगा, मास्तर. घाबरू नका. आता आपलं सरकार आहे."

मास्तर म्हणाले, "त्यातल्या एकानं काडी ओढायच्या आधी वाकून नमस्कार केला हो मला!"