साचेराव आणि दुसरं दार

ऑफिसात त्यांना सगळे साचेराव म्हणत, आणि स्वारीला त्याचाही अभिमान! लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम बनवायचं ते ऑफिस. प्रत्येक इमारतीची मॉडेल फाइल यायची: मजले किती, लिफ्ट किती, दारं कुठे. ती फाइल कशी वाचायची हे ठरवायचं साचेरावांचं मेटामॉडेल, म्हणजेच साचा. लिफ्टला काय काय असू शकतं ते त्यांनी अकरा वर्षांपूर्वी त्यात लिहून ठेवलं होतं. त्यात न बसणारी फाइल प्रोग्रॅम उंबऱ्यावरूनच हाकलून द्यायचा.

एके दिवशी नव्या इस्पितळाची फाइल नापास झाली. तिच्यात लिफ्टला दोन दारं होती. साच्यात लिहिलेलं: दार, फक्त एक.

"अहो, साचा बदला," टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या. "स्ट्रेचर पुढून आत जातं, तिसऱ्या मजल्यावर मागून ऑपरेशनला बाहेर पडतं. सोमवारी पेशंट यायचेत."

"लिफ्टला दोन दारं नसतात."

"काल मी त्याच लिफ्टमधून गेले!"

"मग ती लिफ्ट चुकीची आहे."

आता बोला! साचा बदलायचा म्हणजे अकरा वर्षं आपलं चुकलं हे चारचौघांत कबूल करायचं. त्यापेक्षा त्यांनी फाइलमधली दुसऱ्या दाराची ओळच उडवली. फाइल पास! बाईंनी साहेबांकडे तक्रार केली, तर साहेबांनी उलट साचेरावांचीच पाठ थोपटली.

शनिवारी इस्पितळात चाचणी होती. स्ट्रेचरवर कुणीतरी झोपायला हवं, तर साचेराव हौसेने आडवे झाले. ढकलायला खुद्द साहेब. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, पुढचं दार सरकलं आणि समोर कोरी भिंत! तिथे बाहेरचं दारच नव्हतं, त्यामुळे ते बंद झाल्याची खूण प्रोग्रॅमला मिळेना, आणि लिफ्ट जागची हलेना. मागून डॉक्टर दार बडवत होते. झोपल्या झोपल्याच साचेरावांनी फोन लावला.

"बाई, मागचं दार उघडा हो, लवकर!"

"कुठलं मागचं दार? फाइलमध्ये एकच आहे."

"अहो, साचा चुकलाय माझा!"

"नीट ऐकू नाही आलं. मोठ्यांदा बोला, साहेबांनाही कळू दे."

साचेराव ओरडले. मागच्या दारापलीकडे डॉक्टरांनाही ऐकू गेलं.

"बरं. आता पडून राहा, माणूस पाठवते," बाई म्हणाल्या. "सोमवारी तुमच्या जागी खरा पेशंट असता."