हरताळाच्या दिवशी कुशाबा कामावर गेला

लालबागच्या त्या चाळीत कुशाबाला सगळे ‘नलूची आई’ म्हणून चिडवायचे. गिरणीत तो बॉयलरची भट्टी सांभाळणारा फायरमन होता. पाळी संपवून आला की आधी नळावर कोपरापर्यंत हात घासायचा आणि मगच पोरीला उचलायचा. तिची वेणी तोच घालायचा. वाकडी व्हायची, तरी नलू आईला केसांना हात लावू द्यायची नाही. रविवारी घावणे त्याच्या हातचे. दुपारी तिला खांद्यावर बसवून माहीमच्या खाडीवर होड्या दाखवायला न्यायचा. बायकी कामं करतो असं कोणी म्हटलं की नुसता हसायचा. रखमाला नवऱ्याच्या त्या हसण्याचा अभिमान होता.

माणूस मऊ होता, पण भित्रा नव्हता. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून नोव्हेंबर पंचावन्नात निघालेल्या मोर्चात त्याने पाठीवर लाठ्या खाल्ल्या. रखमा आठ दिवस हळदीचा लेप लावत होती.

जानेवारी छप्पनमध्ये पुन्हा हरताळ पडला. त्या सकाळी चाळीतला युनियनचा पुढारी बाबुराव स्वतः दारात आला.

“कुशा, पाळीवाले बॉयलर पेटता ठेवून बाहेर पडलेत. वाफ उतरवली नाही तर फुटेल. भिंतीला लागून आपल्याच चाळी आहेत. तू जाऊन ये.”

“आज गिरणीत शिरताना दिसलो तर लोक काय म्हणतील?”

“मी सांगतो ना सगळ्यांना. मी पाठवलंय म्हणून.”

रखमा चहा गाळत होती. तिने शब्द न् शब्द ऐकला.

कुशाबाने वाफ उतरवत आणली, पण एक जुना पाइप फुटला आणि तो छातीपासून तोंडापर्यंत भाजला. इस्पितळात दोन दिवस काढले. “नलूला आणू नकोस. हे तोंड तिला दाखवायचं नाही,” एवढं तो रखमाला म्हणाला. एकतिसाव्या वर्षी गेला.

त्याच दिवसांत रस्त्यावर गोळ्या सुटत होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या एका पोराच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. कुशाबाला खांदा द्यायला रखमाचा भाऊ आणि गाववाले तिघे, एवढेच. हरताळात मालकाचं काम करायला गेला, फितूर निघाला, असं चाळभर झालं होतं.

तेराव्याला बाबुराव आला. मान खाली घालून बसला.

“वहिनी, लोक तापलेत. आत्ता बोललो तर मलाच फितूर ठरवतील. जरा निवू दे.”

निवायला चार वर्षं लागली. रखमा गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागली. तिथल्या बायका डबा उचलून लांब जाऊन बसत. सात वर्षांची नलू एकदा शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच म्हणाली, “बाबा फितूर होते?”

रखमाने तिला सगळं सांगितलं.

“मग बाबूकाका सांगत का नाहीत?”



साठ सालच्या एक मेला चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. चौकात स्टेज बांधलं. हार घातलेला बाबुराव तासभर बोलला. कोण तुरुंगात गेलं, कोण गोळीला बळी पडलं, एकेक नाव त्याने घेतलं. मधे एकदा रखमाकडे नजर गेली, ती त्याने लगेच कागदाकडे वळवली.

रखमा उभी राहिली.

“भावोजी, एक नाव राहिलं. नलूच्या बाबांना त्या दिवशी तुम्ही पाठवलं होतं. तेवढं सांगा.”

बाबुरावने रुमालाने तोंड पुसलं.

“वहिनी, आज आनंदाचा दिवस आहे. ते आपण घरी बसून बोलू.”

“घरी कशाला? मला माहीतच आहे.”

“बसा हो बाई,” मागून कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात कर्णा सुरू झाला, पेढ्यांची ताटं फिरू लागली. नलूने आईकडे पाहिलं आणि पेढा घेतला. रखमाने तिला अडवलं नाही. नऊ वर्षांची पोर ती.

बाबुराव घरी बोलायला कधीच आला नाही. पुढे तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मतं मागायला चाळीतल्या प्रत्येक दारी गेला. रखमाचं दार तेवढं त्याने सोडलं.