फाट्यावरचा हात

आम्हा नवरा-बायकोचं शेवटचं साधं काम म्हणजे बाजारातून घरी येणं. कामरगावचा बाजार केला, वांगी घेतली, तिखट दळून घेतलं. तिला चप्पल घ्यायची होती, ती पसंत पडली नाही म्हणून राहिली. चारच्या सुमाराला मोपेडवर निघालो. पुढे मी, मागे ती, मधात पिशवी. फाट्यावर आलो तसा तिनं डावा हात वर केला, मागच्या गाड्या थांबल्या, आम्ही उजवीकडे वळलो आणि गावात आलो. एवढंच. असं आम्ही वर्षानुवर्षं केलं होतं.

फाटा आधी सांगतो. आमचं गाव मोठ्या रस्त्याच्या उजव्या अंगाला आहे. स्मशान डाव्या अंगाला, नाल्याजवळ. बाजारातून घरी यायचं तर रस्ता आडवा कापावा लागतो. घरातून शेवटचं निघायचं तरी कापावाच लागतो. पूर्वी हा रस्ता बारका होता, खड्ड्यांचा होता, बैलगाडी आणि एसटी एकमेकींना विचारून जायच्या. आता रुंद झाला, गुळगुळीत झाला आणि माणसाचं डोकं फिरलं. समृद्धी महामार्गावरून उतरलेला माणूस तिकडचा दाबलेला पाय तसाच दाबून इकडे येतो. फाट्याच्या अलीकडे उतार आहे, तिथं गाडी आपोआप सुटते. सिग्नल नाही, गतिरोधक नाही. ओळखीची माणसं तिथं गेली आहेत. माझ्यासोबत चौथीपर्यंत एका पाटावर बसलेला एक जण त्यातच गेला.

आमच्या मोपेडचा पिवळा लाइट कधीचा गेलेला. वळायच्या आधी लागतो तो. एकदा मी तो बसवून घेतला होता. लाइट टिकटिक करत होता आणि मागचा ट्रक हॉर्न मारत अंगावर येत होता. तेव्हा तिनं पहिल्यांदा हात वर केला. ती लुगड्यामुळे एका बाजूनं बसायची, तोंड डावीकडे. उजवा हात माझ्या खांद्यावर आणि डावा मोकळा. तो तिनं मागच्या गाडीकडे पंजा करून धरला, कोपरात न वाकवता, हिरव्या बांगड्यांसकट. ट्रक थांबला. तिनं त्या दिवशी सांगितलं,

"लाइटाले कोनी भेत नाई जी. बाईच्या हाताले भेते."

मग लाइट फुटला तो मी बसवलाच नाही. लोकांना सांगायचो, वेळ मिळत नाही. खरं असं की माझ्या पाठीमागं तो हात वर जायचा, बांगड्या वाजायच्या, ते मला आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आता कागदाला सांगतो.

हात कोणीही वर करतो. तिचं कसब वेगळं होतं. मी एकदा विचारलं, "तुयाच हातानं काहून थांबते गाडी? मी केला त थांबत नाई."

"तुमी गाडीकडं पाह्यता. मी काचीतल्या माणसाकडं पाह्यतो. गाडीले कुठं डोये असते?"

जो थांबला त्याच्याकडे पाहून ती तोच हात जोडल्यासारखा कपाळाला लावायची आणि म्हणायची, "जगजो बाप्पा." त्याला ऐकू जायचं नाही, पण ओठ दिसायचे. हरियाणाकडचा एक ट्रकवाला तर लांबूनच गाडी हळू करायचा आणि डोकं बाहेर काढून "राम राम, माताजी" म्हणायचा. तिला फार गंमत वाटायची. घरी येऊन शेजारणीला सांगायची, माही ओळख दिल्लीपर्यंत आहे म्हणून.

आता गावातल्या दोघांचं सांगतो. दोघंही तिशीतले. एकाची जमीन लय, त्याची पांढरी गाडी. दुसरा मुरूम-गिट्टीचे ठेके घेतो, त्याची काळी. पांढरीवाल्यानं पुढे चार मोठे लाइट लावले की आठ दिवसांत काळीवाल्यानं सहा लावले. याच्या मागच्या काचेवर वाघ, तर त्याच्या काचेवर सिंह. कारंज्याहून निघाले की फाट्यापर्यंत कोण आधी येतो यावर दोघांचं चालायचं. आधी आलेला फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्याची वाट पाहत बसायचा, तोंडाकडे पाहून हसायला. यानं त्याला साइड दिली असं कोणी पाहिलं नाही. मधात बकऱ्या असोत, सायकलवाला असो, रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेली बाई असो, धूळ उडवून जायचे.

मला त्यांची ओढ कळत नव्हती असं नाही. तरुणपणी मीही शंकरपटात बैल पळवले आहेत. समोरच्याची जोडी आपल्या पुढे गेली की हातातली काठी कशी आपोआप उठते ते मला माहीत आहे. पण पटाला दोरी बांधलेली असते आणि माणसं दोरीबाहेर उभी असतात. रस्त्याला दोरी नाही.

गेल्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. आम्ही फाट्यावर वळायला उभे होतो आणि मागून दोघं सोबत आले, एक आपल्या बाजूनं, दुसरा चुकीच्या बाजूनं. मी मोपेड सोडून पळायच्या बेतात होतो. ती उतरली. रस्त्याच्या मधात उभी राहिली आणि हात वर केला. दोन्ही गाड्यांचे टायर ओरडले. पांढरी तिच्यापासून चार हातांवर थांबली. ती पुढे गेली, काच वाजवली.

"काच खाली कर."

त्यानं केली. आत थंडगार हवा, मोठ्यानं गाणं.

"गानं बंद कर. हॉर्न कायले वाजवत होता?"

"तुमी दिसल्या नाई, काकू."

"दिसली नाई त हॉर्न कोनाले वाजवला? भुताले?"

टपरीवरचे हसले. काळीवालाही हसला. ती त्याच्याकडे वळली.

"तू दात नको काढू. तुया गाडीत सात माणसाईची जागा अन् बसतं एकटा. उरलेल्या जागेवर थोडी अक्कल बसवत जाय. तुयी माय पाह्य रोज दारात उभी राह्यते, लेकरू आलं का, लेकरू आलं का म्हणून. तू शर्यत जिंकतं, तिचा जीव जाते."

मग दोघांना म्हणाली, "मी हात दाखवला की थांबायचं. आधी कोन आला, मंग कोन आला, मले घेनंदेनं नाई. समजलं?"

"हो, काकू," दोघं म्हणाले. एकाच वेळी म्हणाले, म्हणून पुन्हा एकमेकांकडे रागानं पाहिलं.

शर्यत सुटली नाही त्यांची. खोटं कशाला लिहू. पण तिचा हात दिसला की दोन्ही गाड्या थांबायच्या. त्या शेवटच्या दिवशीही मागे तेच दोघं होते. ती वळता वळता मला म्हणाली, "पाह्यलं का? आता शायने झाले माहे पोट्टे."

आणि मग म्हणाली, "लाइट बसवून घ्या जी उद्या. हात दुखून राह्यला माहा. भरून येते."

"इतके वर्सं रस्ता अडवत राह्यली, दुखनार नाई त काय," मी म्हणालो.

ती हसली. दोघांनाही तेच खरं वाटलं. त्याआधीचे तीन-चार दिवस तिचा डावा हात दुखत होता. भाकरी थापताना मधात थांबायची, दंड दाबायची. मी तेल कोमट करून चोळून दिलं, आणि चोळताना म्हणालो, सरकारनं तुला शिपायाचा पगार द्यायला पाहिजे. कोणाला सांगितलं तर हसेल, पण आमच्या घरात डावा हात म्हणजे फाटाच. दुसरं काही मनात आलंच नाही.

घरी आलो. तिनं वांगी धुतली. चुलीपुढून उठली आणि म्हणाली, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटते. घामानं पोलकं भिजलं होतं. मी दारात येऊन ओरडलो. पांढरीवाला चौकात गाडी पुसत होता. त्यानं फडकं तिथंच टाकलं. तिला लेकरासारखं उचललं आणि मागच्या जागेवर निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर.

गावाबाहेर निघतो तर काळी गाडी समोर येऊन उभी. मला वाटलं, आता इथंही. काळीवाल्यानं काच खाली केली आणि ओरडला, "तू माह्या मागं राह्य. मी रस्ता करतो."

पांढरीवाला म्हणाला, "हो. निंघ."

कारंज्यापर्यंत काळी गाडी पुढे होती. सहाही लाइट लावून, हॉर्नवर हात ठेवून. ज्या हॉर्नला मी वर्षभर शिव्या दिल्या, त्यानं समोरचे ट्रक बाजूला होत होते, ट्रॅक्टर कडेला उतरत होते. पांढरी गाडी तिच्या मागं एक हातही इकडेतिकडे न होता जात होती. एवढी गाडी पळाली पण आत तिचं डोकं हललं नाही. खड्डा आला की तो आधी सांगायचा, "काकाजी, धरा." अशी गाडी चालवता येत होती त्यांना. इतके दिवस कुठं ठेवली होती ही अक्कल, ते त्यांनाच माहीत.

फाटा ओलांडताना तिनं डोळे उघडले. डावा हात उचलायला गेली. उचलला नाही. मी धरला.

"थांबले काय?" तिनं विचारलं.

"थांबले वं. सारे थांबले."

दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या. खूप केलं त्यांनी, मी पाहिलं. मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "बाबा, त्यांचा हात कधीपासून दुखत होता?" मी सांगितलं, तीन-चार दिवस. कशामुळे वाटलं तुम्हाला, म्हणाल्या. मला फाट्याचं काही सांगता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्रीचं मी लिहीत नाही.

सकाळी अकोल्याची लेक आली. बायांनी तिच्या आईला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हातभर हिरवा चुडा भरला. सवाशीण गेली, भाग्याची, असं एकजण म्हणाली. मी म्हणालो, भाग्य घाला चुलीत.

तिरडी उठायच्या आधी दोघं माझ्याजवळ आले. डोळे सुजलेले, कालचेच कपडे.

"काकाजी, आमी फाट्यावर गाड्या आडव्या लावतो. एक इकून, एक तिकून. काकू जाईपर्यंत एकही गाडी सोडत नाई."

"नाई," मी म्हणालो.

"काहून? लोक थांबत नाई, काकाजी. तुमाले माहीत आहे. मयताले बी थांबत नाई आता."

"तिनं कधी कोनाले गाडी आडवी लावली नाई. तुमाले बी नाई लावली. तुमी खांदा द्या. रस्त्याचं मी पाह्यतो."

मुलगा नाही आम्हाला, त्यामुळे विस्तवाचं मडकं माझ्याच हातात होतं. मी पुढे. मागे तिरडी, पुढच्या दोन दांड्यांना ते दोघं, खांद्याला खांदा. एकाचं पाऊल पुढे पडत नव्हतं, एकाचं मागे.

फाट्यावर आलो. सकाळची वर्दळ. मी मडकं उजव्या हातात घेतलं, रस्त्यावर दोन पावलं पुढे गेलो आणि डावा हात वर केला. एक लाल गाडी हॉर्न मारत समोरून निघून गेली, वाऱ्यानं माझं धोतर उडालं. दुसरी गेली. मागून पांढरीवाला म्हणाला, "काकाजी, मागं व्हा." मी झालो नाही. मी गाड्यांकडे पाहत होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

उतारावरून ट्रक येत होता. मी हात सरळ केला, कोपरात न वाकवता, आणि ट्रक सोडून वर काचेतल्या माणसाकडे पाहिलं. मिशीवाला, माझ्यापेक्षा जरा लहान असेल. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. ब्रेकचा लांब आवाज आला. ट्रक थांबला, तशा त्याच्या मागच्या साऱ्या थांबल्या. पलीकडून येणारी एसटीही थांबली. कोणी हॉर्न मारला नाही.

तिरडी माझ्या बाजूनं गेली. मग माणसं गेली. शेवटचा म्हातारा काठी टेकत गेला, तोपर्यंत मी हात खाली घेतला नाही. दंडात कळ येत होती.

मग तो हात मी कपाळाला लावला, ट्रकवाल्याकडे पाहून "जगजो बाप्पा" म्हणालो आणि मडकं घेऊन नाल्याकडे वळलो.