पायांतलं बळ गेलं तेव्हा

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यालाही तसंच. मग त्यांनी घोट्यापाशी मारून पाहिलं आणि हातोडी टेबलावर ठेवली.

"बाई, तुम्ही इथपर्यंत चालत आलात?"

"यांना धरून आले," मी शमुवेलकडे, माझ्या नवऱ्याकडे बघत म्हटलं.

"उद्या कदाचित धरूनही येता येणार नाही. घरी जाऊ नका, इथूनच दाखल व्हा. मला गुलेन-बॅरे सिंड्रोमची शंका आहे."

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी ते सोपं करून सांगितलं. आपल्या नसा विजेच्या वायरींसारख्या असतात. वायरीवर प्लास्टिक असतं, तसं नसांवरही आवरण असतं. कधीकधी पोट बिघडतं किंवा साधा ताप येतो, आणि त्याच्याशी लढणारी शरीराची फौज चुकून स्वतःच्या नसांवर तुटून पडते. आवरण सोलवटतं आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. बहुतेक वेळा सुरुवात पायांपासून होते आणि आजार वर चढत जातो.

"कुठपर्यंत चढतो?" शमुवेलने विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही. छातीपर्यंत गेला तर श्वासाला मदत लागते. पण एक गोष्ट धरून चला. हा आजार चढतो, थांबतो आणि मग उतरतो. बहुतेकांचा उतरतो."

मी रूथ. रत्नागिरीत एका शाळेत मराठी शिकवते. शमुवेल मासळीसाठी बर्फ बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे शाळा सुटली की माझं उरलेलं आयुष्य चर्चमध्ये जायचं. रविवारी मुलांना बायबल शिकवायचं संडे स्कूल, बुधवारी महिला मंडळ, उपासनेत गाण्यांची सुरुवात करायची, कोणी आजारी असलं की डबा घेऊन पोहोचायचं. मला हे सगळं मनापासून आवडायचं. देवाची मुलगी म्हणजे देवाच्या घरात सतत हात चालू असलेली मुलगी, असंच मी समजत होते.

दोन आठवड्यांपूर्वी मला जुलाब झाले होते. ते बरे झाले आणि मी विसरूनही गेले. मग तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. नवीन चपला लागत असतील असं वाटलं. एके दिवशी फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जाईना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर मी बसले ती उठूच शकले नाही.

तुमच्यापैकी कोणाला असं झालं, दोन्ही पायांना एकदम मुंग्या येऊन बळ जाऊ लागलं, तर थांबू नका. तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मी दोन दिवस उशीर केला.

तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये नसांना विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते पाहतात. लंबर पंक्चरमध्ये पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढतात. झटके सोसवले. पाठीच्या सुईची भीती मात्र सुईपेक्षा मोठी होती.

निदान पक्कं झालं आणि इम्युनोग्लोब्युलिन सुरू केलं. निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तातून रोगाशी लढणारी द्रव्यं वेगळी काढतात आणि ती सलाइनसारखी थेंबथेंब सोडतात. मी वर टांगलेल्या बाटलीकडे बघत पडून राहायचे. ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत अशा माणसांचं काहीतरी माझ्या अंगात उतरत होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

औषध चालू असूनही आजार चढतच राहिला. मांड्या गेल्या, मग बोटं. मला अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूमध्ये हलवलं. डॉक्टर दिवसातून अनेकदा येऊन म्हणायचे, "एक मोठा श्वास घ्या आणि त्याच श्वासात आकडे म्हणत जा." त्यावरून छातीत किती ताकद उरली आहे ते त्यांना कळायचं. सुरुवातीला मी बरीच लांब जायचे. शेवटी दहापर्यंतही पोहोचता येईना. अख्खं कडवं एका दमात गाणारी मी!

"संध्याकाळपर्यंत आणखी कमी झालं तर व्हेंटिलेटर लावावा लागेल," डॉक्टरांनी सांगितलं. व्हेंटिलेटर म्हणजे आपल्यासाठी श्वास घेणारं यंत्र. "घाबरू नका, ते काही कायमचं नसतं."

मी घाबरले. आणि त्या भीतीत मला एक गोष्ट कळली, जी आजारापेक्षाही जास्त झोंबली. मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की आत नुसतं पांढरं. बायबलच्या ज्या ओळी मी संडे स्कूलच्या मुलांकडून घोकून घेतल्या, त्या समोर आल्या तरी कोरड्या वाटल्या.

त्या दुपारी एस्तेर मावशी आल्या. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. आमच्या चर्चमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात, वय सत्तरीच्या पुढे. मोठं होताना चर्चचं पूर्ण सभासदत्व घेण्याआधी शिकवणी असते, त्या माझ्या दृढीकरणाच्या वर्गाला त्यांनीच शिकवलं होतं, आणि तेव्हापासून मनातली अवघड गोष्ट मी त्यांनाच सांगत आले. सिस्टरने त्यांना थोडा वेळ आत सोडलं.

"मावशी, प्रार्थना होत नाहीये," मी म्हटलं. आवाज जेमतेम फुटत होता. "शब्द येत नाहीत. आले तरी खरे वाटत नाहीत."

वाटलं, त्या आता शास्त्रातला एखादा उतारा सांगतील. त्यांनी स्टूल ओढलं, पदराने माझं कपाळ टिपलं.

"मग नको करू."

"नको?"

"अगं, रविवारी सगळी मंडळी गात असते आणि तुझा घसा बसतो, तेव्हा गाणं थांबतं का? तसंच हे. तुझ्या वाटणीचं आम्ही म्हणतोय. तू पडून राहा."

"पण देवाला काय वाटेल?"

"त्याला काय वाटायचंय? आजारी लेकराने बापाशी गप्पा मारायलाच हव्यात असं कुठे आहे? बाप उशाशी बसलेला असतो, तेवढं बस्स आहे."

मग त्या माझ्या कपाळावर हात ठेवून बसून राहिल्या. कितीतरी दिवसांनी मी काहीच न करता पडून राहिले. म्हणजे अंग तर आधीच पडलं होतं, आता मनही पडलं. शमुवेलने नंतर सांगितलं, की काचेबाहेर आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळीतले काही जण उभे होते आणि तो त्यांच्यात उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना करत होता. चर्चमध्ये हा माणूस नुसतं 'आमेन'सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणतो.

संध्याकाळी श्वास तपासला. कमी झाला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हसले. "चढायचं थांबलंय. याला आम्ही प्लॅटो म्हणतो, म्हणजे पठार. आता काही दिवस पठारावर चालायचं."

चालायचं म्हणाले, तेव्हा मला खरंच हसू आलं.

मला परत वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर बुरोंडीच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना स्ट्रोक झाला होता, मेंदूत रक्ताची गुठळी अडकून उजवं अंग गेलं होतं. त्यांची सून सुगंधा त्यांच्यापाशी असायची. नवरा बोटीवर जाणारा, ही मासळी विकणारी. भारी आवाजाची, भारी हसणारी.

एके सकाळी शमुवेल कामावर तोंड दाखवायला गेला होता. सुगंधा बादलीत कोमट पाणी घेऊन सासूबाईंचे पाय धूत होती. ते झाल्यावर ती माझ्या खाटेशी आली आणि माझ्या पायांवरची चादर बाजूला केली. आयसीयूतल्या चिकटपट्ट्यांचा काळा गोंद अजून घोट्यांवर होता. टाचा भेगाळल्या होत्या.

"नको हो, नको," मी ओरडलेच. "माझे यजमान येतील ना आता."

"असूं दे ओ ताई. सासूचे धुतंय तसे तुमचे. पानी काढलेलंच हाय."

पाय मागे घेण्याइतकीही ताकद नव्हती. तिने एकेक बोट सावकाश चोळलं, खोबरेल लावून गोंद सोडवला, स्वतःच्या टॉवेलने पुसलं. मी छताकडे बघत रडत होते. तिला वाटलं दुखतंय, म्हणून तिने हात आणखी हलका केला.

दुपारी मावशींना हे सांगितलं. "मला फार लाज वाटली, मावशी. परकी बाई. मी तिच्यासाठी कधी काही केलेलं नाही."

मावशींनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाल्या, "गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मुलांना तू कुठली गोष्ट सांगतेस?"

दरवर्षी तीच. शेवटच्या भोजनाला प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. मी परात आणून मुलांना एकमेकांचे पाय धुवायला लावते.

"त्या गोष्टीत तू स्वतःला कुठे बसवतेस?"

"प्रभूसारखं व्हायचं ना आपण? पाय धुणाऱ्याच्या जागी."

"ते बरोबरच आहे. पण तिथे त्या शिष्यांतला पेत्रही आहे. माझे पाय धुवू नकोस म्हणणारा. त्याला धुऊन घेणं जड गेलं. आधी तिथे बसावं लागतं, रूथ. तुझं ते राहून गेलं होतं."

त्या रागावून बोलल्या नाहीत. पण गोष्ट आत गेली.

त्यानंतर माझं देवाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, पण ते निराळं होतं. मोठमोठी वाक्यं नव्हती. शमुवेल मऊ भात भरवायचा. निम्मा हनुवटीवर सांडायचा. आधी मी त्याला चमचा कसा धरायचा ते सांगायचे. आता नुसतं तोंड उघडायचे, आणि मनात म्हणायचे, 'हा हात दिलास, उपकार.' सिस्टर कूस बदलायची, तेव्हा तिच्यासाठी. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम करून घेणारी मुलगी, माझा अंगठा पुन्हापुन्हा हलवायची, तेव्हा तिच्यासाठी. एक दिवस अंगठा आपणहून हलला. तिने टाळी वाजवली आणि सुगंधाने अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगितलं.

सुगंधाच्या सासूबाईंना मात्र उतार पडला नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. जाताना सुगंधाने माझ्या गालावरून हात फिरवला. "तुमी चालनार बगा," ती म्हणाली, आणि स्ट्रेचरमागून गेली.

मी मावशींना विचारलं, "मला उतार पडतोय आणि त्यांना का नाही? माझ्यासाठी मंडळीने प्रार्थना केली म्हणून?"

"मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "आणि माहीत असल्यासारखं तूही कधी कोणाशी बोलू नकोस. त्या दोघींसाठी रोज प्रार्थना कर. तेवढं आपल्या हातात आहे."

मी करते.

घरी आल्यावर वॉकर आला, मग काठी. आंबे निघाले, संपले, तेव्हा कुठे मला स्वतःच्या हाताने पोळी लाटता आली. नसा फार सावकाश भरून येतात. कधी आठवडा काहीच घडत नाही आणि एके सकाळी ब्लाउजचं बटण लागतं. घाई करू नका आणि व्यायाम चुकवू नका, एवढंच माझं सांगणं.

पहिल्यांदा चर्चमध्ये गेले तेव्हा मागच्या बाकावर बसले. माझ्या जागी एक नवी मुलगी गाणी सुरू करत होती. तिने पट्टी इतकी वर धरली की अर्धी मंडळी दुसऱ्याच ओळीला धापा टाकू लागली. पूर्वी मी नक्कीच पुढे गेले असते. त्या दिवशी बसल्याबसल्या, जमेल तेवढ्या श्वासात गायले, श्वास संपला की थांबले. माझ्या वाटणीचं बाकीचे म्हणत होते. किती गोड वाटलं ते!

पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलं. माझ्या विश्वासाने मी बरी झाले असं मी म्हटलं नाही. माझा विश्वास आयसीयूत निपचित पडला होता. त्याला आणि मला दोघांनाही इतरांनी उचलून आणलं, एवढंच सांगितलं. डॉक्टर, औषध, शमुवेल, मावशी, सुगंधा, यांच्यात देवाचा हात कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला वेगळं काढता येत नाही, आणि काढायची इच्छाही नाही.

आज मी शाळेत शिकवते, पण खुर्चीवर बसून. डावं पाऊल अजून घासतं. दमायला लवकर होतं. आरे-वारेच्या समुद्रकिनारी वाळूत शमुवेलचा दंड धरल्याशिवाय चालता येत नाही, आणि दंड धरायला मला संकोच वाटत नाही.

मागच्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. लांज्याचा एक तरुण त्याच आजाराने दाखल होता. काजूच्या कारखान्यात काम करणारा, नुकतंच लग्न झालेला. "पुन्हा चालता येईल हे त्याला आम्ही कितीही सांगितलं तरी पटत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही येऊन भेटाल का?"

वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. त्याच वॉर्डाच्या दारात पोहोचले आणि जुळवलेलं सारं विसरले. तो मानेपर्यंत चादर घेऊन पडला होता. बायको उशाशी बसली होती, तिचे डोळे सुजलेले.

"सकाळपासून काही खाल्लंत का?" मी तिला विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. मी आणलेला डबा तिच्या हातात दिला आणि ती खायला लागेपर्यंत थांबले.

मग त्याला म्हटलं, "मलाही हेच झालं होतं. बोटंसुद्धा हलत नव्हती."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"जरा चालून दाखवता?" तो म्हणाला.

मी काठी टेकत त्याच्या खाटेपासून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. डावं पाऊल फरशीवर घासल्याचा आवाज होत होता. तो एकटक बघत होता, बायकोचा घास हातातच राहिला होता.

"परत एकदा," तो म्हणाला.

देवाचे आभार मानत मी पुन्हा खिडकीपर्यंत चालले.