‘म्हणून’ की ‘तरी’?
कोळशाच्या इस्त्रीचा वास आला की मला दूर दक्षिणेतलं, मल्लेश्वरममधलं आमचं पहिलं बिऱ्हाड आठवतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नवं लग्न, नवऱ्याला सरकारी कारखान्यात नोकरी. मी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होते आणि तो मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहिलेली माझी पहिलीच कथा वाचत होता. एका वाक्याशी तो अडला: ‘तो कामावर गेला आणि ती गाऊ लागली.’ “गेला म्हणून गाऊ लागली, की गेला तरी?” त्याने विचारलं. मी गोंधळले. ‘म्हणून’ घातलं तर ती बाई निष्ठुर वाटे, ‘तरी’ घातलं तर खोटी, आणि दोन वेगळी वाक्यं केली तर लयच तुटे. घरमालकीण अक्कांना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “‘आणि’ राहू दे गं, तिथं जरासा श्वास घेता येतो.” मी ते ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाला. मी गुणगुणत खिडकीशी आले, तर कारखान्याची बस निघून गेलेली आणि तो खाली कान देऊन उभा. मला पाहून तो कसनुसं हसला. त्याला गाणं ऐकायचं होतं की उत्तर, हे मला अजून कळलेलं नाही.