सुभेदारीण मामींचा रविवार

आष्टीतल्या सुभेदारीण मामींच्या दाराला दिवसा कधी कडी नसायची. शेजारच्या कोंबड्या, पाणी मागणारे वाटसरू, वर्गणीवाली पोरं, सगळे सरळ आत. पण संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी एकच्या सुमाराला मामी स्वतः उठायच्या, कडी घालायच्या, वर अडसर सरकवायच्या आणि दोनदा ओढून बघायच्या. त्यांच्याकडे खोली भाड्याने घेतली त्या पहिल्या वर्षी मी हे पाहिलं आणि घाबरूनच गेले. बायकांच्या घरात भरदुपारी असं काय चालतं, की ज्याला अडसर लागतो?

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, शाळेत नव्याने लागलेली मास्तरीण. लग्न झालेलं नव्हतं आणि भीती मात्र जगातल्या सगळ्या गोष्टींची वाटायची. हेडमास्तरांची, पालींची, तपासणीला येणाऱ्या साहेबांची, आणि सगळ्यात जास्त मामींची. मामी पंचावन्नच्या, उंच, काटक. नवरा फौजेत सुभेदार होता. तो गेल्यावर त्याची पेन्शन आणि पाच एकर मोसंबीची बाग यांवर एकट्या राहायच्या. आवाज असा, की बागेतल्या गड्याला हाक मारली तर मी खोलीत उभी राहायची. "फौजेत काम बराबर टायमावर होतंय, न्हाईतर होतच न्हाई," हे त्यांचं दिवसातून चारदा ठरलेलं.

त्या बंद दाराआड जे चालायचं त्याचं कारण साधं होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघर हळदी-कुंकू. मामींना कुणी बोलवत नसे. गावच्या नर्सबाईंनाही नाही, भाजी विकणाऱ्या पारूबाईंनाही नाही, दोघी विधवाच. नवऱ्याने टाकलेली अनुसया शिवणकाम करून आईकडे राहायची, तिलाही नाही. मग मामीच या तिघींना बोलवायच्या. "माझ्या घरी हळद न्हाई, कुंकू न्हाई. गिलास हाय," असं म्हणायच्या आणि खो खो हसायच्या.

त्या गिलासात काय असायचं ते सांगते. आदल्या दिवशी गुळाचा पाक करायचा, त्यात आलं, लवंगा, दालचिनीचा तुकडा. पाक गाळून बाटलीत भरायचा. ऐनवेळी चार मोसंब्यांना एक संत्रं या हिशेबाने रस काढायचा. स्टीलच्या गिलासात आधी पाक, मग रस, चिमूटभर काळं मीठ आणि औरंगाबादच्या फौजी कँटीनमधून सुभेदारांच्या कार्डावर आणलेल्या रमची दोन झाकणं. शेवटी मामी काडी पेटवायच्या आणि मोसंबीच्या सालीचा तुकडा जाळाजवळ धरून चिमटायच्या. सालीतलं तेल भुर्रकन पेटायचं आणि तिघी जणी लहान पोरींसारख्या "आई गं" करायच्या. पठाणकोटला असताना एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर नाताळच्या दिवसांत मामींनी हे शिकून घेतलं होतं. ती माणसं दुसरंच काहीतरी घालायची म्हणे. मोसंबी आणि गूळ ही मामींची भर.

या सगळ्यात रसाबद्दल त्या फार कडक. "मोसंबीचा रस म्हंजी मानाचा पाव्हणा. ताटकळत ठिवला की कडू झाला बघ." बायका बसल्या, गिलास मांडले, की मगच फळ कापायचं.

दुसऱ्या वर्षी रस काढायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "पडवीत बैस आन् काढ," म्हणाल्या. झालं, माझी झोप उडाली. शेजारी माडीवाल्यांचं घर. त्यांच्या माडीवरून मामींची पडवी स्वच्छ दिसायची, आणि आमच्या हेडमास्तरांची बायको त्या घरी सारखी येऊन-जाऊन. शाळेची बाई दारूच्या बाटलीशेजारी बसून रस पिळते आहे, एवढं कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरीच गेली असती, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं. म्हणून मी सकाळी साडेनऊलाच माझ्या खोलीत दार लावून सगळा रस काढला आणि पातेल्यात झाकून ठेवला. दुपारी टोपलीभर मोसंब्या घेऊन खोलीत गेले, दहा मिनिटं नुसती बसून राहिले आणि तोच रस तांब्यात घालून बाहेर आणला. मामी पाक ओतण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी तांब्याकडे पाहिलंही नाही.

साल पेटली, "आई गं" झालं, सगळ्यांनी गिलास तोंडाला लावले. पारूबाईंनी एक मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आवं मामी, हे तर कडूजहर लागून राह्यलंय."

मामींनी आपल्या गिलासातून घोट घेतला. जिभेवर फिरवला. माझ्याकडे बघितलं.

"बाई, रस कवा काढला?"

त्या बिलकुल रागावल्या नव्हत्या, हे आज मला स्पष्ट आठवतं. पण तेव्हा मला फक्त तो आवाज ऐकू आला. मी म्हणाले, "आत्ताच, मामी. तुमच्यासमोर तर आत गेले होते."

"मंग कडूपना रसाचा न्हाई," मामी म्हणाल्या. एवढंच. माझ्या शब्दावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांची नजर पाकाच्या बाटलीवर गेली आणि तिथेच थांबली. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

ती बाटली रमचीच, रिकामी झाल्यावर धुऊन फळीवर ठेवलेली. फळीवर अशा सात-आठ बाटल्या. दिवाळीच्या आधी बागेतला गडी नामा त्यांतलीच एक घेऊन गेला होता, झाडांवर फवारायचं विषारी औषध त्याच्या डब्याला भोक पडलं म्हणून ओतून ठेवायला. काम झाल्यावर ती बाटली फोडून पुरून टाक, असं मामींनी त्याला बजावलं होतं. त्याने पुरली, की धुऊन परत फळीवर ठेवली? नामा बहिणीकडे लग्नाला धावड्याला गेला होता. विचारायचं कुणाला?

"गिलास खाली ठिवा," मामी म्हणाल्या. "कुणी आजून घोट घेऊ नका."

नर्सबाई उठल्या. त्यांनी बाटलीचा वास घेतला. लवंगेशिवाय काहीच कळेना. मग एकेकीला सावलीत उभं केलं आणि डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्यात का ते बघितलं. मिठाचं पाणी केलं. पारूबाई मोरीत जाऊन ओकल्या. अनुसयेच्या कपाळावर घाम आला होता. "घाम येतोय का?" असं नर्सबाईंनी ज्या सुरात विचारलं, त्यानेच आम्हा सगळ्यांना घाम फुटला. अनुसया भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "माझी पोरगी घरी वाट पाहून राह्यली असंल, मामी." तिची पोरगी माझ्याच वर्गात होती, तिसरीत.

मी काय करत होते? मी खांबाला धरून उभी होते. रस सकाळचा होता हे मला ठाऊक होतं. पण आता खात्री कुणी द्यावी? पाकातही काही असलं तर? मी बोलले आणि त्या निश्चिंत झाल्या आणि मग काही झालं तर? असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मी खोटं बोलले हे उघडं पडेल, याचीच मला जास्त भीती वाटत होती. चार बायकांच्या जिवापेक्षा जास्त.

नर्सबाई म्हणाल्या, "माझ्याजवळ हितं काहीच न्हाई. जालन्याला न्यावं लागंल. जल्दी."

जीप एकच होती जवळ, माडीवाल्यांची. म्हणजे दार उघडायचं, त्यांच्या घरी जायचं, आणि गावातल्या तीन रांडमुंड बायका, एक टाकलेली बाई आणि शाळेची मास्तरीण दारू पिऊन पडल्या आहेत, असं सांगायचं. पारूबाई मोरीतूनच ओरडल्या, "न्हाई! मेले तर मरू द्या मला. जीपमधी घालून गावाला दावू नका."

मामींनी पदर डोक्यावर घेतला. तो दोनदा घसरला. पाच एकर बाग एकटीने राखणाऱ्या, रात्री साप मारणाऱ्या त्या बाईला पदर सावरता येत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"जित्या राह्यलात तर लोक बोलतील. बोलू द्या. मेलात तर मी कोन्ला तोंड दावू?" त्या अडसरापाशी गेल्या. "तुम्ही एक शब्द बोलायचा न्हाई कुणी. मी सांगते, मी पाजली. सरबत म्हणून फसवून पाजली, म्हणून सांगते. तुमच्यावर काय येणार न्हाई."

अडसर अर्धा सरकला होता. मी खांब सोडला आणि म्हणाले,

"मामी, रस सकाळचा आहे. साडेनऊचा. मी खोटं बोलले."

मग मामी वळल्या, माझ्याजवळून सरळ माझ्या खोलीत गेल्या. पातेल्याच्या तळाशी पेलाभर रस उरला होता. त्यात पाक नव्हता, रम नव्हती. त्यांनी पातेलंच तोंडाला लावलं आणि सगळा रस पिऊन टाकला.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. "बाई गं, हाच कडू हाय."

आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. अनुसया हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पारूबाईंनी मला दोन शिव्या हासडल्या, त्या मी इथे लिहीत नाही. नर्सबाई तरी तासभर सगळ्यांचे डोळे बघत राहिल्या. चार वाजेपर्यंत कुणाला काही झालं नाही. तेव्हा मामी उठल्या, अडसर पुन्हा पूर्ण सरकवला आणि म्हणाल्या, "दुपार आजून बाकी हाय." त्या दिवशी उरलेल्या मोसंब्या आम्ही नुसत्या सोलून मीठ लावून खाल्ल्या. फळीवरच्या बाटल्या मामींनी दुसऱ्या दिवशी एकूण एक फोडून खड्ड्यात घातल्या.

तिघी गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. वाटलं होतं, खोली सोड म्हणतील. त्या मोसंबीच्या साली गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं बोललीस त्याचं मला कायबी न्हाई. पर एवढ्याशा रसापायी तू मला एवढी भेतीस, हे मला ठावं नव्हतं. म्या असं काय केलं गं तुला?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला काहीच केलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरात होते. मामी माझ्याशी बोलताना आवाज खाली आणायच्या. विसरल्या तर मध्येच थांबून पुन्हा हळू बोलायच्या. मला त्याची फार लाज वाटायची. पुढे माझी भोकरदनला बदली झाली. मामी गेल्याचं मला नर्सबाईंच्या पत्रातून कळलं, तेही महिन्याने. मामींचा शेवटचा रविवार झाला होता, चौघीही आल्या होत्या, अनुसयेची मोठी झालेली पोरगी धरून, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी पुढे बरीच वर्षं शिकवलं. वर्गात एखादं पोर "वही घरी राहिली, बाई" म्हणायचं आणि दप्तरातून वहीचा कोपरा डोकावत असायचा. पूर्वी मी उठून दप्तर उलटं केलं असतं. मामींच्या त्या रविवारानंतर माझ्याने ते कधी झालं नाही. पोर माझ्याकडे बघत उभं असायचं, ओठ कोरडे पडलेले, आणि मला माझीच भीती वाटायची.